साइड-बाय-साइड, एटीव्ही आणि जीप वाहून न्यायला ट्रेलर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं अमेरिकेत राहणाऱ्या, घरच्या एसयूव्हीच्या किंवा पिकअपच्या मागे ऑफ-रोड गाडी (साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी-शेजारी सीट आणि स्टिअरिंग असलेली उघडी गाडी; एटीव्ही म्हणजे वर बसून हँडलने चालवायची छोटी चारचाकी) लावून युटातल्या मोआबला, कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत, मिशिगनच्या सिल्व्हर लेकला किंवा वेस्ट व्हर्जिनियाच्या हॅटफील्ड-मकॉय ट्रेल्सवर जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहेत. ‘आमची गाडी एवढं ओढेल का?’ हे सगळेच विचारतात. ‘उतारावर एवढं थांबेल का?’ हे फार थोडे विचारतात, आणि ट्रेलर निवडताना खरा कस त्या प्रश्नाचाच लागतो. वजनं पाउंडातच दिली आहेत, कारण इथल्या प्रत्येक पाटीवर ती तशीच लिहिलेली असतात.

ट्रेलर बघायला दुकानात जाण्याआधी काय तयारी करावी?

तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. पहिली, ऑफ-रोड गाडीची लांबी, रुंदी आणि खरं वजन. दुसरी, ओढणाऱ्या गाडीची क्षमता: मॅन्युअलमधला ओढण्याचा आकडा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेला माणसं आणि सामान मिळून चालणाऱ्या वजनाचा आकडा. तिसरी, हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या सांगाड्यावर, चिकटवलेल्या पट्टीवरची मर्यादा. ओढण्याचा आकडा आणि हिचची मर्यादा यांत जी कमी, ती भरलेल्या ट्रेलरची मर्यादा; स्टिकरचा आकडा त्याशिवाय वेगळा सांभाळावा लागतो. हे न करता गेलात तर दुकानात जो ट्रेलर शिल्लक असेल तोच तुमच्यासाठी योग्य ठरतो.

कंपनीच्या वेबसाइटवर दिलेलं वजन धरून चालेल ना?

नाही. ते बहुतेक वेळा ‘ड्राय वेट’ असतं, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट काहीच न धरता. पेट्रोलचंच वजन गॅलनमागे सुमारे सहा पाउंड भरतं. त्यावर विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारा दोराचा रहाट), छप्पर, काच, मोठे टायर, स्टेपनी, हत्यारांची पेटी, बर्फ भरलेला कूलर. चार सीटची स्पोर्ट साइड-बाय-साइड कागदावर 1,800 पाउंडांची असेल, तर जाण्याच्या दिवशी ती सहज 2,100 च्या आसपास पोचते.

अंदाज करण्यापेक्षा वजन करून घ्या. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो. थोडेसे डॉलर देऊन प्रत्येक ॲक्सलवरचं वजन छापून मिळतं. सगळं भरलेल्या अवस्थेत एकदा तिथे उभं राहिलं की पुढच्या बहुतेक चर्चा आपोआप मिटतात.

2,990 पाउंडांचा सिंगल ॲक्सल ट्रेलर स्वस्त मिळतोय. एका साइड-बाय-साइडला पुरेल का?

या ट्रेलरवर बरेच जण फसतात. 2,990 हा जीव्हीडब्ल्यूआर आहे, म्हणजे ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून चालणारं जास्तीत जास्त वजन. माल किती चढवता येईल, तो आकडा हा नव्हे. सहा-साडेसहा फूट रुंद आणि बारा फूट लांब लोखंडी ट्रेलरचं स्वतःचं वजन 900 ते 1,100 पाउंड असतं. उरतात 1,890 ते 2,090. वरच्या उदाहरणातली चार सीटची गाडी त्यावर चढवली की मर्यादा ओलांडली गेली, आणि अजून स्वयंपाकाचं सामान, पाण्याचे कॅन चढायचेच आहेत.

मग 2,990 हा विचित्र आकडा का? ॲक्सल तर 3,500 पाउंडांचा असतो. बऱ्याच राज्यांत 3,000 पाउंड एकूण वजनापासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते टाळून किंमत खाली ठेवायला पाटीवर दहा पाउंड कमी लिहिलेले असतात. म्हणजे हा ट्रेलर बहुधा बिनब्रेकचा आहे, हे तो आकडाच सांगतो.

एक-दोन एटीव्ही किंवा दोन सीटची हलकी साइड-बाय-साइड नेणार असाल आणि अंतर कमी असेल तर तो चालेल. त्यापलीकडे टँडम, म्हणजे दोन ॲक्सलचा 7,000 पाउंडांचा ट्रेलर घ्या. त्याचं स्वतःचं वजन 1,800 ते 2,000, म्हणजे पाच हजारांपर्यंत माल चढतो. एक टायर फुटला तरी बाकीचे तीन सावरून धरतात, हाही त्याचा मोठा फायदा.

आम्ही चार दारांची जीप रँग्लर नेणार आहोत. तिला हाच 7,000 चा ट्रेलर पुरेल?

अगदी काठावर. रँग्लरचं रुबिकॉन हे मॉडेल घेतलं तर ती कंपनीतून निघतानाच साधारण साडेचार हजार पाउंडांची असते. त्यावर लोखंडी बंपर, विंच, खालच्या जाड पत्र्यांचं कवच, 37 इंची टायर आणि सामान आलं की पाच हजारांची सीमा मागे पडते. जीपसाठी 9,990 किंवा 10,000 पाउंडांचा कार हॉलर घ्यावा, 18 ते 20 फूट लांबीचा. त्यातही पुढे-मागे सरकवायला जागा राहते का ते बघा.

आमच्याकडे सिएना, ओडिसी, हायलँडर किंवा पायलट आहे. पिकअप घ्यावाच लागेल का?

आपल्या बहुतेक घरांत याच गाड्या असतात, म्हणून जरा सविस्तर.

सिएना आणि ओडिसीची ओढण्याची मर्यादा 3,500 पाउंड आहे. व्ही-सिक्स हायलँडर आणि फोर-व्हील पायलट 5,000 पर्यंत जातात. दोन सीटची गाडी लावलेला सिंगल ॲक्सल ट्रेलर मिनीव्हॅनच्या मर्यादेत बसतो खरा. पण अडचण ओढण्यात नसते, दारावरच्या स्टिकरमध्ये असते.

समजा ट्रेलर भरून 4,000 पाउंडांचा झाला आणि पुढे हायलँडरसारखी 5,000 पाउंड ओढू शकणारी गाडी आहे. वाटतं, हजार पाउंड शिल्लक आहेत. आता स्टिकर बघा. समजा त्यावर 1,300 पाउंड लिहिलंय. ट्रेलरच्या वजनाचे 12 टक्के हिचवर येतात, म्हणजे 480. चार माणसं मिळून 600. डिकीतल्या बॅगा, तंबू, खाण्यापिण्याचं मिळून 200. हिच आणि बॉल माउंटचे (ज्याच्या गोळ्यावर ट्रेलर बसतो तो दांडा) 60-70. झाले 1,340 च्या वर. ओढण्याची क्षमता हजाराने शिल्लक असूनही गाडी भरून ओसंडली. अशा वेळी मागचे शॉक्स बसतात, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि नेमके स्टिअरिंग आणि ब्रेक पुढच्याच चाकांवर जास्त अवलंबून असतात.

त्यात उंचीचा प्रश्न येतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते. डेन्व्हरहून मोआबला जाताना आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून जास्त उंचीवर आहे. तिथे पोचेपर्यंत व्ही-सिक्सची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते.

माझं स्पष्ट मत: सपाट राज्यात, जवळच्या ट्रेलवर, दोन माणसं आणि दोन सीटची गाडी असेल तर घरची एसयूव्ही चालेल. चार माणसं, चार सीटची गाडी आणि डोंगर असेल तर पिकअप किंवा मोठी, ट्रकच्या चॅसिसवरची एसयूव्ही लागते. नुसत्या एक-दोन वीकेंडसाठी पिकअप भाड्याने घेणं शहाणपणाचं, पण भाड्याच्या करारात ट्रेलर ओढायची परवानगी आहे का ते आधी वाचा. बऱ्याच करारांत ती नसते.

टंग वेट नेमकं किती हवं?

भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के. तेवढा भार ट्रेलरच्या नाकातून तुमच्या हिचवर यायला हवा.

जास्त झाला तर काय होतं हे ऊस वाहणारा ट्रॅक्टर पाहिलेल्याला सांगावं लागत नाही: दोन चाकी ट्रॉलीत ऊस पुढे कोंबला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. पण कमी भार त्याहून घातक. माल मागे गेला की ट्रेलर हायवेच्या वेगाला शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीला आपल्याबरोबर फिरवतो.

म्हणूनच गाडीइतक्याच लांबीचा ट्रेलर घेऊ नये. दोन सीटची साइड-बाय-साइड साधारण दहा फूट आणि चार सीटची बारा फुटांच्या वर असते. बारा फुटी ट्रेलरवर चार सीटची गाडी जेमतेम बसते, पण पुढे-मागे सरकवून तोल साधायला जागाच उरत नाही. 14 किंवा 16 फूट घ्या. योग्य जागा एकदा काट्यावर पक्की झाली की पुढच्या चाकांची जागा डेकवर रंगाने आखून ठेवा.

ब्रेक खरंच एवढे महत्त्वाचे आहेत? कायद्याने लागत नसतील तरी?

हो. कायद्याचा आकडा राज्याराज्यात वेगळा आहे, पण तुमच्या गाडीचं मॅन्युअल त्याहून कडक असू शकतं. अनेक एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये 1,000 पाउंडांवरच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक हवेत असं लिहिलेलं असतं. गाडीचे ब्रेक गाडीसाठी आणि तिच्या प्रवाशांसाठी बनवलेले असतात. मागून अडीच-तीन टन ढकलतायत ही जबाबदारी त्यांच्यावर टाकून लांब उतार उतरला तर ते तापतात आणि पेडल मऊ पडतं.

घ्यायचे तर इलेक्ट्रिक ब्रेक, तेही दोन्ही ॲक्सलवर. किंमत कमी दिसावी म्हणून 7,000 च्या काही ट्रेलरना एकाच ॲक्सलवर ब्रेक बसवलेले असतात. दुकानात वाकून दोन्ही ॲक्सलच्या चाकांमागे बघा. वायर ब्रेकच्या ड्रमच्या पाठीत जाताना दिसली पाहिजे.

इलेक्ट्रिक ब्रेकला दोन गोष्टी लागतात: गाडीत सात पिनांचा कनेक्टर आणि डॅशखाली ब्रेक कंट्रोलर. चार पिनांच्या कनेक्टरमधून फक्त दिवे चालतात. कंट्रोलर बसवला की रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात त्याची हाताची कळ दाबून बघा. ट्रेलर मागून खेचल्यासारखा वाटला पाहिजे, पण चाकं घासत जाम होता कामा नयेत. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरला वेगळं सेटिंग लागतं.

ब्रेकअवे स्विचसुद्धा तपासा. ट्रेलर हिचमधून सुटला तर एक बारीक तार पिन ओढून काढते आणि छोट्या बॅटरीवर ट्रेलरचे ब्रेक लागतात. वर्षभर अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरची ती बॅटरी हमखास मेलेली सापडते. तार सेफ्टी चेनला न अडकवता गाडीच्या चॅसिसला स्वतंत्र अडकवावी.

रुंदीचं गणित कसं करायचं?

मडगार्डांच्या आतलं अंतर मोजा. साडेसहा फुटी ट्रेलरमध्ये साधारण 77 इंच मिळतात, सात फुटीमध्ये 82-83. पोलारिस आरझेडआर एक्सपी 1000 ही 64 इंच रुंद, प्रो आर 74, कॅन-ॲम मॅव्हरिक आर 77. म्हणजे शेवटचीसाठी साडेसहा फुटी ट्रेलर बाद. बाजारातली बाहेर निघणारी रिम किंवा स्पेसर बसवले असतील तर टायरच्या बाहेरच्या कडेपासून टेप लावा, ब्रोशरवर जाऊ नका. आज 64 इंची गाडी असली तरी सात फुटीच घ्या. पुढची गाडी बहुधा रुंदच असते.

उघडा घ्यावा की बंद?

बंद ट्रेलरचे फायदे उघड आहेत: धूळ नाही, पाऊस नाही, रात्री मोटेलबाहेर माल कुणाला दिसत नाही. पण साडेआठ फूट रुंद, सोळा फुटी बंद ट्रेलर रिकामाच 3,000 पाउंडांच्या आसपास जातो आणि त्याचं चौकोनी तोंड वाऱ्याला अडतं. पेट्रोल जास्त लागतं, आडव्या वाऱ्यात हात घट्ट धरून बसावं लागतं. एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादाही कधी कधी दिलेली असते. तीत बंद ट्रेलर बऱ्याचदा बसत नाही.

अजून एक व्यावहारिक अडचण. आत जीप चढवल्यावर दार उघडायला जागा राहत नाही. मग खिडकीतून बाहेर पडायचं. त्यासाठी काही ट्रेलरना ड्रायव्हरच्या बाजूला मोठं एस्केप दार असतं. बंदच घ्यायचा असेल तर ते असलेला घ्या. पिकअप नसेल तर उघडाच बरा.

लोखंड की ॲल्युमिनियम?

तुमची मर्यादा काठावर असेल तर ॲल्युमिनियम, कारण टँडममध्ये काही शे पाउंड वाचतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतही ॲल्युमिनियम जास्त टिकतं. एरवी लोखंड स्वस्त, आणि कुठल्याही गावात वेल्डिंग करून मिळतं.

रॅम्प कसा असावा?

लांब आणि मजबूत. उभा रॅम्प असला की चढताना गाडीचं पोट डेकच्या कडेवर टेकतं. चार सीटच्या गाडीत हे जास्त होतं, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर खूप असतं. पूर्ण रुंदीचा जाळीचा गेट सोयीचा, पण हायवेवर तो उभा राहून वारा अडवतो. मधोमध दुमडणारा गेट घ्या. टिल्ट डेकमध्ये, म्हणजे डेकच मागे कलतो अशा ट्रेलरमध्ये, रॅम्पची भानगडच नाही, मात्र किंमत आणि वजन दोन्ही वाढतात.

गाडी चढवताना ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच हवा. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रेलरवर मागून वजन चढलं की नाक हवेत जातं.

हिच आणि बॉल कुठला?

ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे नाकावरच्या, बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, बॉलचं माप कोरलेलं असतं, तेच घ्या. 7,000 च्या ट्रेलरला बहुधा दोन इंची, 10,000 च्याला दोन पूर्णांक पाच-सोळांश इंची. मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल वरवर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात सुटतो. रिसीव्हर, म्हणजे बॉल माउंट ज्यात घालतात ती हिचची चौकोनी नळी, दोन इंची, निदान क्लास थ्री दर्जाचा असावा. बॉल माउंटची उंची अशी निवडा की भरलेला ट्रेलर जमिनीला समांतर राहील. सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर नाक त्या झोळीत पडतं.

गाडी ट्रेलरवर कशी बांधायची?

स्पोर्ट साइड-बाय-साइडच्या सस्पेन्शनला दीड फुटाहून जास्त खेळ असतो. चॅसिसला पट्टे लावून खाली ओढलं, की रस्त्याच्या हादऱ्याने सस्पेन्शन आणखी दबतं आणि त्या क्षणी पट्टा सैल होतो. सैल पट्ट्याचा हूक निसटायला एक खड्डा पुरतो. त्यामुळे चाकंच बांधा. टायरवर बसणाऱ्या जाळीसारख्या पट्ट्या मिळतात, ज्या टायरला डेकवर दाबून धरतात. वर गाडी हवी तशी हलू दे, चाकं जागची हलत नाहीत. चारही चाकांना चार स्वतंत्र पट्टे. एटीव्हीला हेच तत्त्व, पण पट्टे हलके चालतात.

पट्ट्याच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा तुटण्याचा असतो. बघायचा तो वर्किंग लोड लिमिट, जो त्याच्या एक तृतीयांश असतो. 10,000 पाउंड लिहिलेल्या दोन इंची पट्ट्याची खरी मर्यादा 3,333. पट्टे अडकवायच्या कड्या (डी-रिंग) डेकच्या फळीला स्क्रूने लावलेल्या नकोत, फ्रेमला वेल्ड केलेल्या हव्यात.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मैलांत थांबा आणि पट्टे पुन्हा ओढून घ्या. ते हमखास थोडे बसलेले असतात. वाळूत चालवताना गाडीला लावलेला झेंड्याचा दांडा काढून ठेवा, दुमडणारी काच आणि कापडी छप्पर काढा किंवा घट्ट बांधा. गाडी उलट तोंडाने चढवली असेल तर छपराखाली मागून वारा भरतो, तेव्हा दुप्पट काळजी घ्या.

ट्रेलर डोलायला लागला तर?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची हाताची कळ हलकेच दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतील. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि वेग वाढवून सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. सावरल्यावर सुरक्षित जागी थांबून माल पुढे सरकवा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना 55 मैलांची वेगमर्यादा आहे. ती बाकी राज्यांतही पाळली तर डोलण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

टायर आणि बेअरिंगची काळजी काय घ्यायची?

ट्रेलरचे टायर चालून झिजण्याआधी उन्हात उभे राहून म्हातारे होतात. खोबणी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदला. बाजूच्या भिंतीवर ‘DOT’ (डॉट) ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. हवा बाजूच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी, टायर थंड असताना भरा. कमी हवेचा टायर ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात तापून फाटतो आणि जाताना मडगार्डही घेऊन जातो. बरेच ट्रेलर टायर ताशी 65 मैलांसाठीच बनवलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

बेअरिंगला वर्षातून एकदा किंवा 12,000 मैलांनी ग्रीस. पेट्रोल भरायला थांबलात की तळहात प्रत्येक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, जवळ नेऊन बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय.

जुना ट्रेलर घेताना काय बघू?

व्हीआयएनची पट्टी आणि टायटलवरचा क्रमांक जुळतो का ते सर्वांत आधी. पट्टी नसेल तर सौदा तिथेच सोडा. मग आडवं होऊन खाली बघा: नाकाचे दोन बार जिथे मुख्य फ्रेमला मिळतात तिथे वेल्डला भेग, स्प्रिंगच्या हँगरची भोकं लांबटलेली, नवा रंग फक्त एकाच जागी. टायर एका कडेनेच झिजले असतील तर ॲक्सल वाकलेला असतो. फळ्यांना पेचकस टोचून बघा, आत गेला तर लाकूड कुजलंय. शेवटी कनेक्टर लावून सगळे दिवे आणि ब्रेक चालवून घ्या.

एचओए ड्राइव्हवेत ट्रेलर उभा करू देईल का?

अनेक सोसायट्या देत नाहीत. ट्रेलर घेण्याआधी नियम वाचा. गॅरेजमध्ये मावायला नाक दुमडणारे ट्रेलर मिळतात, नाहीतर स्टोरेजचं मासिक भाडं खर्चात धरा. कुठेही ठेवलात तरी कपलरला आणि चाकाला, दोन्हीकडे कुलूप लावा.

गाडीच्या विम्यात ट्रेलर येतो का?

ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान साधारणपणे ओढणाऱ्या गाडीच्या विम्यात येतं. ट्रेलरचं स्वतःचं नुकसान, चोरी आणि वर ठेवलेली साइड-बाय-साइड यांना बहुधा वेगळा विमा लागतो. एजंटकडून उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

रिव्हर्स घेणं जमत नाही. काय करू?

हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला जायला हवं, त्या बाजूला हात न्या. हळू, आणि चुकलं की पुढे जाऊन सरळ करा. रविवारी सकाळी ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा. लांब ट्रेलर लहान ट्रेलरपेक्षा सोपा जातो, कारण तो सावकाश वळतो.

ट्रेलरबरोबर स्टेपनी मिळते का?

बहुधा नाही, आणि ती पहिल्याच दिवशी विकत घ्यावी. 3,500 पाउंडांच्या ॲक्सलला सहसा पाच नटांचं चाक लागतं, 5,200 च्याला सहा नटांचं, त्यामुळे गाडीची स्टेपनी इथे उपयोगाची नाही. गाडीबरोबर आलेला पानाही ट्रेलरच्या नटांना बसेलच असं नाही, आणि एसयूव्हीचा जॅक ट्रेलरच्या फ्रेमखाली नीट बसत नाही. योग्य मापाचा सॉकेट, टॉर्क रेंच, छोटा बॉटल जॅक आणि वाळूत जॅक रुतू नये म्हणून त्याखाली ठेवायला जाड फळीचा तुकडा ट्रेलरच्याच पेटीत ठेवा. चाक बदललं की दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर थांबून नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नवीन ट्रेलरच्या पहिल्या प्रवासातही हेच करायचं.